दुकान गावात, मालक विलायतेत : करसल्लागार कसा शोधावा



उन्हाळ्याच्या सुटीत घरी कुणी जुना विद्यार्थी किंवा त्याचे वडील आले, की पूर्वी एकच प्रश्न असे : पोराला पुढे पुण्याला घालावे की कोल्हापुरातच ठेवावे? अलीकडे प्रश्न बदलला आहे. "सर, पोरगा परदेशी निघालाय. इथलं दुकान आहे, थोडा ऊस आहे. कराचं काय करायचं? विचारायचं तरी कुणाला?"

मी अर्थशास्त्र शिकवतो. कराची प्रकरणे चालवणे हा माझा धंदा नव्हे. पण गावात सरकारी कागद आला की तो वाचून दाखवायला अजूनही शाळामास्तरांकडेच माणसे येतात. तेव्हा उत्तर ठाऊक नसले, तरी उत्तर कुणापाशी मिळेल हे शिक्षकाला ठाऊक असावे. आजचे भाषण एवढ्यासाठीच.

एक घडलेली गोष्ट सांगतो. नावे सांगत नाही. कृष्णाकाठच्या एका गावातला माझा विद्यार्थी. शेतकीचा पदवीधर. गावात त्याचे कृषी सेवा केंद्र, म्हणजे खते, बियाणे, औषधे. दुकान त्याच्या एकट्याच्या नावावर. मागे एक गोदाम, ते भाड्याने दिलेले. वडिलार्जित जमिनीतला वाटा सातबारावर चढलेला, त्यात ऊस. बायको परिचारिका. तिला इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात नोकरी लागली, आणि १० जून २०२२ रोजी दोघे नवराबायको मुंबईहून विमानात बसले. दुकानाच्या किल्ल्या धाकट्या भावाकडे. विवरणपत्र भरणारे तालुक्याचे गृहस्थ तेच, वीस वर्षांपासूनचे. "दादा, तू निर्धास्त जा," भाऊ म्हणाला. आणि दादा निर्धास्त गेला.

आता गंमत पाहा. विमानात दोघांच्या खुर्च्या शेजारी होत्या. पण आयकराच्या कायद्याच्या दृष्टीने त्या आर्थिक वर्षात बायको भारताची अनिवासी झाली आणि नवरा मात्र रहिवासीच राहिला! हे कसे, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. पासपोर्ट भारताचा की परक्या देशाचा, हे आयकर खाते आधी पाहत नाही. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात आपण भारतात किती दिवस होतो, ते पाहते. १८२ दिवस किंवा अधिक असलो तर रहिवासी. त्याहून कमी असलो तरी एक दुसरी अट आहे : त्या वर्षात ६० दिवस, आणि मागल्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असलो, तरीही रहिवासीच. मात्र जो भारतीय नागरिक नोकरीसाठी देश सोडतो, त्याला त्या वर्षापुरती ही ६० दिवसांची अट लागत नाही. त्याच्यासाठी १८२ हाच आकडा. १ एप्रिल ते १० जून हे झाले ७१ दिवस. बायको नोकरीवर निघाली होती, तिचे ७१ दिवस १८२ पेक्षा कमी, म्हणून ती अनिवासी. नवरा तिच्यावर अवलंबून असलेला पती म्हणून निघाला होता. त्याला ६० दिवसांची अट लागली, आणि ७१ दिवस म्हणजे ६० हून अधिक!

रहिवासी राहिल्याने काय झाले? रहिवाशाचे जगभरचे उत्पन्न भारतात दाखवावे लागते. आमच्या या विद्यार्थ्याला सप्टेंबरात तिकडे एका मालगोदामात काम मिळाले. सप्टेंबर ते मार्चचा तो पगार, तिकडचे बँकखाते, हे सारे त्या वर्षीच्या भारतातल्या विवरणपत्रात यायला हवे होते. तिकडे भरलेल्या कराची वजावट मिळाली असती, तो भाग निराळा. पण दाखवणे भाग होते. परदेशातली मालमत्ता न दाखवणाऱ्याला २०१५ सालच्या काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाख रुपये दंड सांगितला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, घर-जमीन सोडून इतर मालमत्ता एकूण २० लाख रुपयांच्या आत असेल तर त्यातून सूट आहे. म्हणून लहान माणूस यातून सहसा सुटतो. पण सुटलो हे कळेपर्यंत झोप उडालेली असते.

पुढल्या वर्षापासून तो खरोखरच अनिवासी झाला. आणि तालुक्याचे गृहस्थ? त्यांनी तिन्ही वर्षे पूर्वीसारखाच 'सुगम' नावाचा फॉर्म भरला. हा फॉर्म छोट्या व्यापाऱ्याच्या सोयीचा आहे. उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांइतका नफा धरायचा, वह्यांची कटकट नाही. पण अंदाजी नफ्याची ही सवलत रहिवाशांनाच आहे. अनिवासी माणसाला ती नाही, हा फॉर्मही नाही. त्याने हिशेबाच्या वह्या ठेवायच्या, खरा नफा काढायचा, निराळा फॉर्म भरायचा.

दुसरीही एक सवलत जाते, आणि तिची झळ मोठी आहे. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत कर नाही, असे आपण ऐकले. ते खरे, पण ती सूट रहिवाशाला. समजा, दुकानाचा नफा वर्षाला ८ लाख आहे. गावात राहणाऱ्या मालकाला कर शून्य. तोच मालक अनिवासी झाला की पहिले ४ लाख मोकळे, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,००० रुपये, आणि वर ४ टक्के उपकर धरून २०,८०० रुपये. नफा १२ लाख असेल तर ६२,४०० रुपये. दुकान तेच, गिऱ्हाईक तेच, गल्ल्यावर बसणारा भाऊही तोच. फक्त मालक विलायतेत.

ही गोष्ट उघडकीला आली ती २०२५ साली. दोघांना इंग्लंडमध्ये घर घ्यायचे होते, सुरुवातीच्या भरण्यासाठी इकडची शिल्लक न्यायची होती. बँकेत भाऊ गेला. बँकेने विचारले, "मालक तीन वर्षे परदेशात आहेत, मग खातं अजून साधं बचत खातंच कसं?" परकीय चलनाचा कायदा, म्हणजे १९९९ चा 'फेमा', हा आयकराहून वेगळा. तो दिवस मोजत बसत नाही. माणूस कशासाठी आणि किती अनिश्चित काळासाठी गेला, ते पाहतो. अशा माणसाला साधे बचत खाते चालवता येत नाही. ते 'एन.आर.ओ.' म्हणजे अनिवासी साधारण खाते करून घ्यावे लागते. त्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. पण त्यावरचा कर भरला आहे असा सनदी लेखापालाचा दाखला सहसा लागतो, आणि दाखला देणारा मागचे कागद उघडून बघतोच. कागद उघडले आणि सारी चूक बाहेर पडली.

तीन वर्षांची विवरणपत्रे दुरुस्त करून, कर व त्यावर जादा कर भरून ते प्रकरण मिटले. अद्ययावत विवरणपत्र भरण्याची मुदत २०२५ च्या कायद्याने चार वर्षांपर्यंत वाढवली आहे, म्हणून निभावले. पैसे गेले त्याचे मला विशेष वाटले नाही. पण दोघे भाऊ चार महिने एकमेकांशी बोलले नाहीत. दादा म्हणे, "माझ्या नावानं तू काय भरलंस?" धाकटा म्हणे, "तुझ्याच मोबाइलवर आकडा आला, तूच सांगितलास, मी टाकला." दोघेही खरे बोलत होते. वडिलांनी जेवण सोडायची भाषा केली तेव्हा मला बोलावणे आले.

तालुक्याच्या त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. मालक परदेशी गेला हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. आणि त्यांनी विचारलेही नाही. इथेच करसल्लागार निवडण्याची पहिली खूण मिळते. चांगला सल्लागार उत्तर देण्याआधी विचारतो. "कोणत्या तारखेला निघणार? कोणत्या व्हिसावर? मध्ये परत येणार का? जमीन कुणाच्या नावावर? दुकानाचा परवाना कुणाचा? सही कोण करणार?" पहिल्या भेटीत ज्याने एवढे विचारले नाही आणि "काळजी करू नका, आपण बघून घेऊ" म्हटले, त्याच्याकडचा चहा घ्यावा आणि उठावे.

आता हा माणूस शोधायचा कुठे? आधी आपल्या नेहमीच्या माणसाकडेच जावे. त्याला सरळ सांगावे, मी अमुक तारखेला अमुक देशात चाललो आहे. प्रामाणिक माणूस म्हणतो, "हे माझ्या नित्याचं काम नाही, सांगली-कोल्हापूर-पुण्याला अमुक माणूस अनिवासींची कामं करतो." असे म्हणणाऱ्याला सोडू नये. वह्या त्याच्याकडे ठेवाव्या आणि सल्ल्यापुरते शहरातल्या जाणकाराकडे जावे. 'करसल्लागार' ही पाटी आपल्याकडे पुष्कळजण लावतात. त्यांतले कोणी सनदी लेखापाल असतात, कोणी वकील, कोणी नुसते अनुभवी. सनदी लेखापालांची संस्था १९४९ च्या कायद्याने स्थापन झाली आहे. प्रत्येक सभासदाला क्रमांक असतो आणि तो संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. त्याने दिलेल्या दाखल्यावर २०१९ पासून १८ आकड्यांचा एक स्वतंत्र क्रमांक असतो. तोही कुणालाही पडताळता येतो. शाळेतल्या संगणकावर शिक्षकांनी पाच मिनिटांत करून द्यावे असे हे काम आहे. फी नफ्याच्या किंवा वाचवलेल्या कराच्या टक्क्यांवर मागत असेल तर सावध व्हावे. सर्वसाधारणपणे सनदी लेखापालाच्या आचारसंहितेत ते बसत नाही. आणि 'साहेबांशी ओळख आहे' ही पात्रता नव्हे, हे सांगायला नकोच.

पण सनद असली म्हणजे झाले, असेही नाही. हृदयाचा डॉक्टर दात काढत नाही, तसेच हे. परीक्षा म्हणून त्याला दोन प्रश्न विचारावेत. पहिला, वर सांगितलेला विमानाचा : "नोकरीवर बायको चालली आहे, नवरा तिच्याबरोबर, दोघांचं यंदाचं रहिवासीपण सारखंच का?" जो लगेच "हो, सारखंच" म्हणाला तो आपल्या कामाचा नाही. दुसरा प्रश्न उसाचा, आणि तो इकडच्यापेक्षा तिकडच्या सल्लागाराला विचारण्यासारखा आहे.

होय, सल्लागार दोन लागतात. इथेच बहुतेकांची गल्लत होते. इकडचा माणूस कितीही हुशार असला तरी इंग्लंडचा कायदा तो सांगू शकत नाही. आणि लंडनमधल्या लेखापालाला सातबारा म्हणजे काय ते ठाऊक नसते. उसाचेच पाहा. शेतीचे उत्पन्न भारतात आयकरमुक्त. कारखान्याचे बिल खात्यावर जमा झाले, त्यावर कर नाही, हे आपल्या हाडीमासी इतके मुरले आहे की त्याला उत्पन्न म्हणायचेही आपल्याला सुचत नाही. पण ब्रिटनच्या रहिवाशाचे जगभरचे उत्पन्न ब्रिटन करपात्र धरते, आणि भारताने शेतीला दिलेली माफी त्याला बांधील नाही. बरे, दुकानाच्या नफ्यावर इकडे कर भरला असेल तर दोन देशांतल्या १९९३ च्या करारामुळे त्याची तिकडे वजावट मिळते. उसावर इकडे काही भरलेच नाही, तर वजावट कशाची मागणार? म्हणजे इकडे जे सर्वांत निर्धास्त उत्पन्न, तेच तिकडे सर्वांत उघडे पडते.

ब्रिटनमध्ये नव्याने येणाऱ्यांना यातून एक सवलत आहे. आधीची दहा वर्षे जो तिथला रहिवासी नव्हता, त्याला पहिली चार करवर्षे परदेशी उत्पन्नावर माफी मिळू शकते. हा नियम ६ एप्रिल २०२५ पासून आला. त्यापूर्वीची, पैसा ब्रिटनमध्ये आणला तरच कर, ही पद्धत त्या दिवशी बंद झाली. पण ही माफी आपोआप मिळत नाही, विवरणपत्रात मागावी लागते. आणि मागितली की त्या वर्षीची तिकडची मूळ करमुक्त रक्कम सोडावी लागते. म्हणजे कुणाच्या फायद्याची, कुणाच्या तोट्याची. आमचा विद्यार्थी जून २०२२ ला गेला, त्याचे चौथे करवर्ष ५ एप्रिल २०२६ ला संपले. नव्या नियमाखाली त्याच्या वाट्याला एकच वर्ष आले. शिवाय एक बारीक खोच आहे. धंदा सर्वस्वी परदेशात चालत असेल तरच त्याचा नफा या सवलतीत बसतो. मालक लंडनमध्ये बसून रोज रात्री फोनवर माल मागवतो, उधारी ठरवतो, दर ठरवतो, तर धंदा सर्वस्वी भारतात चालतो असे म्हणता येईल का? हा प्रश्न तिकडच्या सल्लागारापुढे, निघण्यापूर्वी ठेवायचा.

ज्यांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे त्यांनी तर याचा विशेष विचार करावा. डी बिअर्स ही हिऱ्यांची कंपनी नोंदलेली दक्षिण आफ्रिकेत, खाणीही तिथल्याच. पण तिचे खरे नियंत्रण लंडनमधून चालते म्हणून ती ब्रिटनची रहिवासी, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने १९०६ साली दिला. कंपनीचे घर नुसते नोंदणीने ठरत नाही, तिचे डोके कुठे आहे यानेही ठरू शकते, हे तत्त्व तेव्हापासून चालत आले आहे. आपली इचलकरंजीची छोटी कंपनी डी बिअर्स नव्हे, हे खरे. तरी संचालकांच्या सभा कुठे होतात आणि निर्णय कोण घेतो, याचे कागद इकडे नीट ठेवलेले बरे.

आणि "तिकडे कुणाला कळणार आहे?" हा विचार मनात असेल तर तो आजच काढून टाकावा. अनिवासींच्या बँकखात्यांची माहिती देश एकमेकांना दरवर्षी आपण होऊन कळवतात. भारत २०१७ पासून त्यात आहे. खात्यावर परदेशातला पत्ता लागला की व्याजाचा आकडा त्या देशाच्या कर खात्याकडे पोचतो.

तिकडचा सल्लागार निवडताना आणखी एक लक्षात घ्यावे. देशादेशांत फरक आहे. जर्मनीत करसल्ला देण्याचा धंदा परवान्यावाचून करता येत नाही. तिथली 'श्टॉयअरबेराटर' ही पदवी कायद्याने राखलेली आहे. ब्रिटनमध्ये उलट : 'टॅक्स अॅडव्हायझर' हे नाव कुणीही लावू शकतो. म्हणून तिथे 'चार्टर्ड टॅक्स अॅडव्हायझर' किंवा एखाद्या मान्य लेखापाल-संस्थेचा सभासद आहे का, ते विचारावे आणि त्या संस्थेच्या यादीत पाहून घ्यावे. आपला मराठी माणूस तिकडे भेटला म्हणजे आनंद होतो, साहजिक आहे; पण मराठी बोलणे ही कराची पदवी नव्हे. दोन्ही असतील तर उत्तमच.

मस्कत-दुबईला असलेल्या मामांचा सल्ला हा आणखी एक धोका. मामा खोटे सांगत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीत पगारावर आयकर नाही, म्हणून "तिकडं काही भरावं लागत नाही" हे त्यांच्यापुरते खरे. पण ते अनुभवाचे बोल लंडनला किंवा स्टुटगार्टला चालत नाहीत. ओमानसुद्धा जानेवारी २०२८ पासून मोठ्या उत्पन्नांवर ५ टक्के आयकर घेणार, असा कायदा तिथे २०२५ साली झाला आहे. आणि ज्या भारतीय नागरिकाचे भारतातले उत्पन्न १५ लाखांहून अधिक आहे, व जो कुठल्याच देशात कर भरायला पात्र नाही, त्याला आपला कायदा २०२० च्या दुरुस्तीपासून रहिवासीच मानतो. असे रहिवासीपण पुरते नसते, तेव्हा त्याचे सर्व परदेशी उत्पन्न इथे ओढले जात नाही. पण सल्ला घ्यावा असे हे प्रकरण नक्कीच आहे.

सल्ला सर्वांनाच विकत घ्यावा लागतो असे मात्र नाही. आमच्या गोष्टीतली बायकोच घ्या. इकडे तिची ठेव आहे, थोडे व्याज आहे, बाकी काही नाही. तिला शहराच्या लेखापालाची गरज नव्हती. खाते बदलणे आणि व्याज तिकडे दाखवणे एवढे केले की झाले. ज्याचा धंदा मागे राहतो, भाडे येते, जमीन आहे, भागीदारी आहे, त्याने खर्च करावा. तोही दरवर्षी मोठा नव्हे. जाण्याचे वर्ष आणि परत येण्याचे वर्ष, ही दोन वर्षे नाजूक. त्या दोन वेळी चांगला माणूस गाठावा.

गाठल्यावर काय ठरवून घ्यावे? सल्ला लेखी घ्यावा, अगदी एका पानाचा असला तरी. फी आधी ठरवावी. आणि दोन्ही सल्लागारांना एकदा तरी एकमेकांशी बोलायला लावावे. माझ्या मते हा सर्वांत उपयोगी खर्च होय. आमच्या विद्यार्थ्याने शेवटी हेच केले. एका संध्याकाळी कोल्हापूरचे लेखापाल आणि तिकडच्या बाई फोनवर चाळीस मिनिटे बोलल्या. आपले करवर्ष ३१ मार्चला संपते, ब्रिटनचे ५ एप्रिलला. जर्मनी-अमेरिकेचे तर ३१ डिसेंबरला. कोणत्या वर्षाचा कर कोणत्या वर्षात वळता करायचा, हे त्या दोघांनीच आपापसांत ठरवायचे असते. मधल्या मधे निरोप्या होऊन मालकाने ते करू नये, निरोप बिघडतो.

त्या फोनमध्ये एक नवीच गोष्ट निघाली. गोदामाचा भाडेकरू. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने प्रत्येक भाड्यातून ३० टक्के आणि वर उपकर, म्हणजे ३१.२ टक्के, कापून सरकारात भरायचे असतात. भाडे किती लहान आहे याचा इथे प्रश्न नाही. आणि न कापल्यास जबाबदारी भाडेकरूवर येते, मालकावर नव्हे! बिचारा सिमेंटचा व्यापारी, त्याला याचा गंधही नव्हता. आयकर खात्याकडून कमी दराचा दाखला मिळवता येतो. तो मागण्याचे सुचवणे हे सल्लागाराचे काम.

दुकान स्वतःच्याच नावावर ठेवावे, भावाशी भागीदारी करावी, की त्याच्या नावे करून द्यावे, याचे एकच उत्तर नाही. भागीदारीत इकडे कर फर्म भरते आणि भागीदाराच्या वाट्यावर पुन्हा कर नाही. पण तिकडचे खाते त्याकडे तसेच पाहील असे धरून चालू नये. खत-बियाणांचा परवाना, वस्तू-सेवा कराची नोंदणी, बँकेचे कर्ज, हे सारे ज्या नावावर आहे ते नाव बदलले की नवे कागद आले. भाऊ कारभार पाहणार असेल तर त्याला रीतसर मुखत्यारपत्र करून द्यावे. जाण्यापूर्वी इथेच केले तर सोपे. तिकडून करायचे तर भारतीय वकिलातीपुढे सही करून पाठवावे लागते, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. मुखत्यारपत्र असेल तर देशाबाहेर असलेल्या मालकाच्या विवरणपत्रावर मुखत्याराला सही करता येते.

नाहीतर काय होते? मोबाइल. पूर्वी गावाला जाणारा माणूस कोऱ्या कागदावर सही करून ठेवी, आता तो सिमकार्ड ठेवून जातो. आधारला, पॅनला, बँकेला, वस्तू-सेवा कराला एकच क्रमांक जोडलेला. त्यावर आकडे येतात, ते टाकले की सही झाली. ज्याच्या हाती सिमकार्ड, त्याच्या हाती सही. भावावर विश्वास असावाच. पण त्या विश्वासाला कागदाचा आधार नसला की पुढे दोघांनाही आपले खरे पटवून देता येत नाही. दुसरे टोक असे की, सिमकार्ड तिकडे नेले, रिचार्ज करायचे राहिले, क्रमांक बंद पडला, आणि ऐन मुदतीच्या दिवशी काहीच भरता आले नाही. म्हणून निघण्याच्या आधीच कोणता क्रमांक कशाला जोडायचा, ते सल्लागारासमोर बसून ठरवावे.

तारखेबद्दल एक शब्द. नोकरीवर निघणाऱ्याने शक्य असेल तर २८ सप्टेंबरच्या आत निघावे. त्या दिवसापर्यंत १८१ दिवस होतात. त्यानंतर गेला, किंवा आधी जाऊन दिवाळीला लांब सुटीवर आला आणि दिवस १८२ वर गेले, तर ते सारे वर्ष तो रहिवासीच, आणि तिकडचा पगार इकडे दाखवणे आले. पुढल्या वर्षांत सुटीवर येणाऱ्यालाही साधारण १८२ ची मर्यादा आहे. पण भारतातले करपात्र उत्पन्न १५ लाखांवर असेल तर ती १२० दिवसांची होते. १९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला, त्यात कलमांचे क्रमांक बदलले. दिवसांची ही मोजणी मात्र तशीच आहे. जुन्या पुस्तकातला कलम-क्रमांक सांगून कुणी छाप पाडू लागला, तर नव्यातला क्रमांक विचारावा.

आमच्या विद्यार्थ्याचे आता बरे चालले आहे. तालुक्याचे गृहस्थ वह्या लिहितात, कोल्हापूरचे लेखापाल विवरणपत्र भरतात, तिकडच्या बाई तिकडचे पाहतात. दर एप्रिलात तो तिघांनाही एकच कागद पाठवतो : कोणत्या तारखेला आलो, कोणत्या तारखेला गेलो, पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या प्रती, उसाचे बिल किती आले, गोदामाचे भाडे किती कापून आले. खाली धाकट्या भावाची सही असते, मुखत्यार म्हणून. गेल्या खेपेला त्या कागदाची एक प्रत मलाही आली, बरोबर भावाची चिठ्ठी : "सर, यंदा भाडेकरूनं कापलेल्या कराचा दाखला वेळेवर दिला. पावसाळ्याआधी गोदामाचे पत्रे बदलायचेत, तो खर्च कशात धरायचा ते लेखापालांना विचारून ठेवलं आहे."